परधान दादा ‘नाही’ म्हणाले, आता काय करू?

जय सेवा ताई,

मी किनवट तालुक्यातल्या एका गुड्यातला, म्हणजे गोंडांच्या वस्तीतला, राजगोंड. वय 26. पुण्यात शिकून परत आलो, सध्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. गेल्या वर्षी आमचे थोरले आजोबा वारले. तेव्हा आमच्या कुळाची कथा गाणारे परधान आले, त्यांनी किकरी हे तारांचं वाद्य लावलं आणि आमच्या कुळाची कथा म्हटली. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. घरात आम्ही मराठीच बोलतो, गोंडी आता फक्त आजीच्या तोंडी. त्या दिवसापासून डोक्यात बसलंय की हे सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं. आजीच्या बऱ्याच गोष्टी मोबाइलवर घेतल्या. यूट्यूब चॅनलही उघडलाय, अजून काही टाकलं नाही. परधान दादांकडे गेलो तर ते म्हणाले, ‘गळ्यात हाय ते गळ्यात राहू दे. पूजा नाही, काही नाही, मोबाइलसमोर कामून गाऊ?’

मित्र म्हणतो, पुढच्या पूजेत गुपचूप घे, म्हातारा गेला की सगळं गेलं. चुलते म्हणतात, देवांची नावं नेटवर टाकलीस तर उद्या कुणीही उठून आदिवासी असल्याचा दाखला काढेल. शिवाय आजी सांगते ती कथा चुकीची, खरी वेगळीच, असंही त्यांचं म्हणणं. आणि एक संशोधक पीएच.डी.साठी माझ्याकडच्या सगळ्या फाइली मागतायत. आजी ऐंशीच्या पुढं, दादा सत्तरीचे. वेळ कमी आहे. गुपचूप घेऊ का? कुणाचं ऐकू?

– एक वाचक, ता. किनवट, जि. नांदेड

*

जय सेवा.

गुपचूप घेऊ नकोस. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्र वाचताना मला वाटलं की तुझं मन त्या मित्राकडे झुकलंय. बरं-वाईट घटकाभर बाजूला ठेव, नुसता हिशेब बघ. चोरून घेतलंस तर हाती काय येईल? ढोलाच्या दणक्यात, बायकापोरांच्या गलक्यात, शर्टाच्या खिशातून घेतलेली तासाभराची खरखर. कथेतलं अर्धं तुला कळलं नाही, असं तूच लिहितोस. मग त्या फाइलचा अर्थ कोण लावणार? ज्यांच्याकडून चोरली तेच. आणि गुड्यात अशी गोष्ट दोन बाजारवारसुद्धा लपत नाही. पुढच्या पूजेला दादा आले तरी अर्धी कथा गिळून गातील आणि तुला ते कळणारही नाही.

आता ते काय म्हणाले ते पुन्हा वाच. ‘पूजा नाही, काही नाही.’ तू याला नकार समजलास. मला त्यात अट दिसते.

घरात कुणी बसवून सांगितलं नसेल म्हणून लिहिते, माहीत असेल तर सोडून दे. तुमच्या राजगोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे सगे, म्हणजे गट. त्यांच्या पोटात कुळं, आणि एकाच सग्यात सोयरीक होत नाही. कुळाचा देव तो पेर्सापेन. त्याची पूजा कटोडा करतो, पण पूजेत कुळाची कथा लावायची ती परधानानेच. मूळपुरुष कुठून निघाले, कुठली नदी उतरले, देव कुठे बसला, कुणाशी सोयरीक जुळली, हे सगळं त्याच्या किकरीच्या तीन तारांवर. प्रत्येक कुळाचा परधान ठरलेला. बहुतेकदा त्याचं आडनावही यजमानाचंच, म्हणजे मडाव्याचा परधान मडावी आणि आत्रामाचा आत्राम. तो पिढ्यान् पिढ्या तुमच्या दारी येत आला, लग्नाला, मयताला, पूजेला. त्या बदल्यात धान्य, कापड, कधी जनावर, मयत माणसाचे कपडे, हा त्याचा हक्क होता. त्याला भीक म्हणायचं नाही.

क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ 1940 च्या दशकात तुमच्या शेजारच्या उटनूर भागातल्या मार्लवाईत राहिला. निजामाविरुद्ध लढणारा गोंड नेता कोमरम भीम 1940 साली जोडेघाटला मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारला गोंडांचं दुखणं समजून घेणारा माणूस हवा होता, त्यातून हा तिथे पोचला. किनवटही तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्याने एक गोष्ट नोंदवून ठेवलीय की आदिलाबादचे परधान घरी मराठी बोलतात आणि यजमानाची कथा मात्र गोंडीत म्हणतात. आज ऐंशी वर्षांनी तुझ्या घरी काय झालंय बघ. गोंडाचा नातू मराठी बोलतो, आणि त्याच्या कुळाची गोंडी जिवंत आहे ती घरी मराठी बोलणाऱ्या एका परधानाच्या गळ्यात. तुमची भाषा तो माणूस तुमच्यासाठी सांभाळत बसलाय. आणि तू त्याच्याकडे मोबाइल घेऊन गेलास.

रागावू नकोस. पण मला तुझ्या घराला काही विचारायचंय. थोरल्या आजोबांच्या मयताला दादांना काय दिलं? कथा म्हणताना ते कुठे बसले होते, आत की ओट्यावर? जेवण कुणाच्या पंगतीला? गोंडांनी परधानाला देवाच्या कामाला बोलवायचं आणि पंगतीला मात्र दूर ठेवायचं, हे जुनं आहे, हायमेनडॉर्फच्याही नोंदींत आहे, आणि ‘आमच्यात तसं नाही’ म्हणून ते जात नाही. ज्या माणसाला आपण उंबऱ्याच्या आत घेत नाही, त्याच्याकडे आपल्या सात पिढ्यांची कथा मागायला कुठल्या तोंडाने जायचं? हे तू बदलू शकतोस. पुढच्या वेळी दादांना आत बसव, तू शेजारी बस, एका पंगतीत जेव. आजी कुरकुरेल. तिची समजूत घालणं हे या कामातलं पहिलं काम समज.

माझं म्हणणं एवढंच आहे की कथा मरतेय ती रेकॉर्डिंगवाचून मरत नाही. तिला बोलावणंच येत नाही. पूर्वी परधान ठरल्या काळाने यजमानांकडे फिरायचा. एकेका घरी रात्र-रात्र गायचा, त्यामुळे कथा त्याच्या तोंडी राहायची आणि सोबत आलेल्या त्याच्या पोराच्या कानावर पडायची. आता बोलावणं येतं मयताला, तेही एका तासाचं, कारण पाहुण्यांना गाडी धरायची असते. वर्षात चार वेळा गाणारा माणूस कथा विसरणारच. त्याचं पोरगं शिकणार कशाला? त्याला दिसतं की बापाला एका रात्रीचं जे मिळतं त्यापेक्षा सेंटरिंगच्या कामावर एका दिवसाची हजेरी जास्त पडते. उद्या तू उत्तम आवाजातली दहा तासांची फाइल करून ठेवलीस आणि पुढच्या पिढीत ती म्हणणारा कुणी उरला नाही, तर पूजेत काय स्पीकर लावणार?

म्हणून आधी यजमान हो. कुळातल्या चार घरांशी बोल. कटोडा आणि पटला, म्हणजे गावप्रमुख, यांना धर, त्यांच्याशिवाय हे हलणार नाही. सालातल्या पूजेला दादांना रीतसर बोलावणं पाठवा, पूर्ण कथेचं, घाईची नको. मानधन आधी ठरवा आणि घरटी वर्गणी काढा. डीजेला आपण किती देतो हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. धान्य-कापडाचा जुना हक्क पाळाच, पण रोख वेगळी द्या. किकरी दुरुस्तीला आली असेल तर तो खर्च कुळाचा. दादांच्या घरात कुणी भाचा-पुतण्या ऐकायला बसत असेल तर त्यालाही सोबत बोलवा आणि त्याचंही वेगळं पाकीट ठेवा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सगळ्यात मोलाचा खर्च तोच.

आणि तू संगणक परिचालक आहेस ना? ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. दादांचा अर्ज कुणी भरलाय का विचार. नसेल तर पंचायत समितीत चौकशी कर, कागद गोळा कर, तूच भर. दाखले, फोटो, कला सादर केल्याचा पुरावा, हे सगळं सत्तरीच्या माणसाने कुठे धावत जमवायचं? अर्ज मंजूर होईल न होईल. पण तू मागायला आलेला नाहीस हे त्यांना कळेल.

असं सगळं केल्यावर, पूजेच्या आधी, कटोडा आणि पटला यांच्यासमोर उघड विचार की दादा, मोबाइल ठेवू का? कुठला भाग घ्यायचा, कुठला नाही? कदाचित ते म्हणतील, देवाचं आवाहन सोडून बाकी घे. कदाचित म्हणतील, घे, पण मी असेपर्यंत कुणाला ऐकवू नको. कदाचित पुन्हा नाहीच म्हणतील. तर नाही. तरीही त्या रात्री पूर्ण कथा म्हटली गेली, तुझ्या पिढीतल्या दहा जणांनी ऐकली आणि दादांच्या पुतण्याने सोबत धरली, तर त्या वर्षीचं काम झालं.

घुसाडीचं बघ. मार्लवाईच्या कनकराजूंना त्या नाचासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये ते गेले. नाचाचा मान झाला, चांगलंच झालं. पण मोरपिसांचा टोप दुरून दिसतो, कॅमेऱ्यात भरतो, म्हणून दिवाळीतल्या दंडारी नाचातून घुसाडी उचलून स्टेजवर नेता येतो. कथा मांडी घालून रात्रभर ऐकावी लागते. तिला स्टेज मिळणार नाही. तिला यजमानच लागतो.

वेळ कमी आहे, हे मात्र तुझं खरं. म्हणून ज्याला कुणाची परवानगी लागत नाही ते आज सुरू कर. आजी घरात आहे. तिने पाहिलेलं, भोगलेलं तिचं स्वतःचं आहे आणि ती सांगायला तयार आहे.

पण तिला ‘आजी, जुनं काहीतरी सांग’ असं म्हणू नकोस. असं विचारलं की म्हातारी माणसं ठरलेल्या दोन-चार गोष्टी सांगतात आणि गप्प होतात. जागेवरून विचार. जुनं गाव कुठे होतं? ते का सोडलं? पाणी कुठून आणायचे? मोहाची झाडं कुणाकुणाची, आणि वाटे कसे पडायचे? जंगलखात्याचा माणूस यायचा तेव्हा काय मागायचा? नाचणी-कोदो कधी सुटलं आणि कापूस कधी आला? सालं तिला सांगता येणार नाहीत. तिच्या आठवणीला टेकू द्यायला मराठवाड्यात खुणा भरपूर आहेत. ऐंशीच्या पुढची आहे म्हणजे पोलीस ॲक्शनच्या वेळी, 1948 ला, लहान पोर असेल. 1956 साली किनवट आदिलाबादेतून निघून नांदेडला जोडला गेला, तेव्हा कचेरी बदलली, पुढे शाळेची भाषा बदलली, आणि अर्धे सोयरे दुसऱ्या राज्यात राहिले. मग बहात्तरचा दुष्काळ, तेव्हा वाटलेली सुकडी आणि बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी. ‘हे मिलोच्या आधी की नंतर?’ असं विचारलंस की ती बरोबर सांगेल. घरात निजामकाळचा एखादा उर्दू कागद सापडला आणि त्यावर 1350 च्या आसपासचं साल दिसलं तर घाबरू नकोस. ते फसली साल. 590 मिळव, ढोबळ इसवी सन येतो.

दुसरं म्हणजे आजीला एकट्याने विचारू नकोस. नातवासमोर ती लग्नातली गाणी म्हणणार नाही, शिव्यांची तर नाहीच. बहिणीला, वहिनीला बसव, आणि तू मोबाइल सुरू करून बाहेर जा. तुझ्या पत्रात आजोबा, परधान, चुलते, मित्र, संशोधक आहेत. बाई एकच, आणि तिची गोष्ट ‘चुकीची’. एवढं माझ्या डोळ्यात भरलं म्हणून लिहिते. बायका सासरी येताना माहेरच्या कुळाचं ऐकलेलं घेऊन येतात आणि इथलं नव्याने ऐकतात. त्यांच्याकडे दोन कुळांचं असतं.

आणि शेजारच्या कोलामांना विसरू नकोस. गोंडांच्या कितीतरी गावांत देवाच्या कामाला कोलाम पुजारी लागतो. तुमच्या जंगलाच्या आठवणीत ते नसतील असं होणार नाही. त्यांची भाषा तर आणखी अडचणीत आहे. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास 30 लाख नोंदले गेले, कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या आसपास. त्यांचं तू रेकॉर्ड करायला जाऊ नकोस. त्यांच्यातल्या कुणा पोराला हे वेड लागतंय का ते बघ आणि त्याला तुझा माइक दे.

तांत्रिक बाजू तुला माझ्यापेक्षा जास्त कळते, म्हणून थोडक्यात. फोन फ्लाइट मोडवर, पंखा बंद, कॉलरला लावायचा साधा माइक. ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही फॉरमॅट असेल तर तोच घे. फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायची नाही, आवाज दाबला जातो. सुरुवातीला तुझ्या तोंडाने तारीख, गाव, कोण बोलतंय, कुणाकडून ऐकलेलं, सोबत कोण बसलंय हे बोल. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत. आणि दर फाइलमागे वहीत अर्धं पान हाताने लिही, कारण वीस वर्षांनी फाइल उघडली नाही तरी वही उघडेल. आजीची गोंडी देवनागरीत उतरव आणि शेजारी मराठी लिही. मसराम आणि गुंजाला या दोन्ही गोंडी लिप्या आता युनिकोडमध्ये आल्यात. हौस असेल तर शीक, पण ती शिकेपर्यंत काम थांबवू नकोस.

आता चुलत्यांचं. त्यांची दोन म्हणणी आहेत, एक धरायचं आणि एक सोडायचं.

सोडायचं ते ‘खरी कथा एकच’ हे. तोंडी कथेत असं नसतं. दोन परधानांची एकाच कुळाची कथा काही ठिकाणी वेगळी निघते. कुणाच्या कथेत एक घाट जास्त, कुणाच्या कथेत एका भावाचं नाव वेगळं. तिथेच तर माहिती दडलेली असते. कुळाची एक शाखा त्या घाटाने आली असेल, दुसरी नसेल. आजीचं तिच्या नावाने ठेव, चुलत्यांचं चुलत्यांच्या नावाने. हो, चुलत्यांनाही रेकॉर्ड कर. ते बरेच दिवस वाट बघत असतील की कुणी विचारावं. फक्त सगळं एकत्र कालवून ‘आमच्या कुळाचा शुद्ध इतिहास’ असं पुस्तक काढायच्या नादी लागू नकोस. असं पुस्तक एकदा छापलं की पुढच्या पूजेत लोक परधानालाच टोकतात, ‘पुस्तकात असं नाही.’

धरायचं ते दाखल्याचं. ही भीती पोकळ नाही. खोट्या दाखल्यांचा वाद नांदेड जिल्ह्याला नवा नाही. जात पडताळणीत चालीरीती, देव, कुळं विचारतात, त्याला आप्तभाव चाचणी म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये सांगितलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. 1950 पूर्वीच्या कागदांना वजन मोठं आहे. तरीसुद्धा कुळांची, देवांची, पूजेतल्या शब्दांची अख्खी यादी जगासमोर मांडून ठेवायची काही गरज नाही. तुमच्या लोकांना ती पाठ आहे, बाकीच्यांचं तिच्यावाचून अडत नाही. तसंच औषधी पाल्याचं. कुठली मुळी कशावर, हे आजीने सांगितलं तर वहीत ठेव, चॅनलवर नाही. ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही तुझ्याच कपाटात असेल. ती कुणी, किती वेळात, कुठे बसून भरली ते एकदा उघडून बघ. आजीच्या शेजारी बसून ती नव्याने भरावीशी वाटेल.

मग यूट्यूबवर काय जाईल? दंडारीची गाणी, गावकरी हो म्हणाले तर. आजीची दुष्काळाची आठवण, आजी हो म्हणाली तर. कुळकथा आणि पूजा नाही. आणि हे तू एकट्याने ठरवायचं नाही. किनवट अनुसूचित क्षेत्रात येतो. तुमचा गुडा त्या यादीत आहे का हे तुला कार्यालयात बसल्या जागी बघता येईल. असेल तर 1996 च्या पेसा कायद्याने आपल्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. ग्रामसभेत विषय घे. काय उघडं, काय कुळापुरतं, काय दादांच्या हयातीनंतर, फाइली कुणाच्या ताब्यात, तू उद्या बदली होऊन गेलास तर कुणाकडे, याचा ठराव कर. इतिवृत्त तूच टाइप करणार आहेस, तेव्हा निदान ते वेळेवर होईल.

या कामाचा एक उपयोग आहे जो तुझ्या पत्रात कुठेच दिसला नाही. मला तो कथेइतकाच मोठा वाटतो. वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या 2008 च्या नियमांत, तेराव्या नियमात, कुठले पुरावे चालतात ते दिलंय. त्यात सरकारी कागद आहेतच, पण दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं कथनही आहे. जुन्या नोंदींतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ आहे. विहिरी, मसणवट, देवाच्या जागा आहेत. म्हणजे आजीने सांगितलेलं जुनं गाव, तिथली विहीर, तिचे आजोबा पुरले ती जागा, हे सगळं कायद्याच्या भाषेत पुरावा ठरू शकतं. तुझ्या गुड्याचा सामूहिक वनहक्काचा दावा झालाय का? झाला असेल तर कुठे अडकलाय? तुला दोन दिवसांत कळेल.

म्हणून एक काम थंडीत कर. आजीला चालवत नसेल तर तिच्याकडून वाट समजून घे, तिच्या जोडीची माणसं घे, आणि जुन्या गावठाणावर जा. वाटेत नाला, टेकडी, दगड, झाड, प्रत्येक जागेचं गोंडी नाव विचार. तिथेच उभं राहून रेकॉर्ड कर, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिप. घरी बसून म्हातारा माणूस पाच नावं सांगतो, तिथे नेला की पन्नास सांगतो. मग तहसीलमधून 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, काढ आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ. आजी म्हणते त्या पांदीच्या कडेला खरंच त्या नावाची नोंद निघाली तर तुझ्या चुलत्यांचा आजीवर थोडा विश्वास बसेल. वयस्कर माणसांची कथनं मात्र ग्रामसभेसमोर, सही-अंगठ्यासह, साक्षीदारांनिशी लिहून घे. नुसती ऑडिओ फाइल उपविभागीय समितीत कुणी ऐकत बसणार नाही.

दादांची कथा जुळून आली आणि पुढे आणखी ऐकावंसं वाटलं तर पौष अमावास्येच्या सुमाराला केसलापूरला जा. मेश्राम कुळाचा नागोबा, पण जत्रा साऱ्या गोंडांची. नव्या सुनांची देवाशी भेट तिथे होते, त्या भागातले परधान येतात. किनवटहून आदिलाबादला रेल्वे आहे, पुढे इंद्रवेल्लीकडे गाड्या मिळतात. मोबाइल बॅगेत असू दे. 1956 ला तुटलेली सोयरीक तिथे सापडेल. तुमच्याच कुळाचा दुसरा परधान तिकडे कुणी असेल तर त्याचा पत्ता दादांना आणून दे. दोघांना एका पूजेला बोलवता आलं तर बघ.

राहिला संशोधक. सगळ्या फाइली देऊ नकोस, कारण त्या सगळ्या तुझ्या नाहीत. पण दार लावूनही घेऊ नकोस. हायमेनडॉर्फने घेतलेले तुमच्या मुलखातले फोटो आणि फिल्म लंडनच्या सोआस या संस्थेत जपून ठेवलेत. तो गडी चांगला होता, त्याने गोंडांसाठी शाळा काढल्या, जमिनीच्या प्रश्नावर सरकारशी भांडला. तरीही ते सगळं बघायला गुड्यातल्या माणसाला लंडनच्या दिशेने तोंड करावं लागतं. तुझ्या संशोधकांना विचार की तुम्हाला गोंडी येते का? आजीच्या फाइली उतरवून काढायला दोन महिने गुड्यात राहाल का? लिहिलेलं आधी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवाल का? आजीचं नाव छापताना तिला विचाराल का? प्रबंधाची एक प्रत आणि सगळी टिपणं ग्रामपंचायतीत ठेवाल का? हो म्हणाले तर लेखी घ्या आणि ठरावात बसेल तेवढंच द्या. असा माणूस मिळाला तर तुझं निम्मं काम हलकं होईल, गोंडी उतरवणं तुला एकट्याला झेपणारं नाही. नाही म्हणाले तर चहा पाजून बसस्टँडवर सोडून ये.